पंचफुलाबाईनं सांगितलेले पंधरा निंब

मी वंदना. अंगणवाडीसेविका. वीस वर्षं रजिस्टरं लिहून लिहून माझी भाषा अर्धी सरकारी झाली आहे, पण राग आला की आपोआप वऱ्हाडीवर येते. आणि राग मला लवकर येतो, गल्लीत कोणालाही विचारा. आमचं गाव जळगाव जामोदपासून नऊ किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याला. गावाचं नाव सांगत नाही. सिनेमात आलं तेवढं पुरे झालं.

सांगायचं आहे ते माझ्या शेजारणीबद्दल, पंचफुलाबाईबद्दल. आमच्या दोघींच्या घरात एक भिंत. तिच्या फोडणीनं मला ठसका लागतो आणि माझं भांडण तिला घरबसल्या ऐकू जातं. ती एकसष्ट वर्षांची, मी सेहेचाळीस. माझा नवरा राजकुमार तिच्या नवऱ्याला, भाऊरावांना, दादा म्हणतो. त्या नात्यानं ती माझी मोठी जाऊ, आणि मी तिला नुसतं ‘बाई’ म्हणते.

बाई मूळची बीबीची, तिकडं लोणारच्या बाजूची. सतराव्या वर्षी लग्न होऊन इकडं आली ती तीन एकर कोरडवाहू आणि दुसऱ्याच्या वावरातला कापूस वेचायला. दोन्ही हातांनी वेचायची. तिच्या ओळीत बोंडावर एक धागा उरायचा नाही, आणि दुसरीच्या ओळीत उरला तर तो तिला तोंडावर सांगायची. तिच्या तोंडाला झाकणच नाही. निवडणुकीत मत मागायला आलेल्या उमेदवाराला तिनं चहा पाजला आणि म्हटलं, “चहा पेऊन घ्या, मत मात्र देणार नाही. मांग तुम्ही फोन उचलला नव्हता.” तो बिचारा चहा पिऊन गेला.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या मुलीला, मंजुश्रीला, पाहायला अकोटकडचे पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं रीतीप्रमाणं विचारलं, “पोरीले सैपाक येते ना?” कोणतीही आई अशा वेळी काय म्हणेल? आमची बाई म्हणाली, “भाजी चांगली करते. भाकर जाड होते. आन राग नाकावर हाये.” भाऊरावांनी डोळे मिटून घेतले. मी पोह्याची ताटली हातात घेऊन तशीच उभी राहिले. मुलाची आई मात्र खो खो हसली. म्हणाली, “आजपावतर आठ पोरी पाह्यल्या, आठही सुगरणीच होत्या. खरं सांगणारी इहीण पहिल्यांदाच भेटली.” तिथल्या तिथं साखर वाटली.

तर त्या मंजुश्रीचं लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठरलं, आणि लग्न ठरलं म्हणजे कुरडया आल्या. मांडवात तळायला, मुलीबरोबर डबा भरून द्यायला, नात्यात वाटायला. बाईनं वीस किलो गहू काढले. बुधवारी भिजवले.

आमच्या गल्लीची एक रीत आहे, ती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कुरडयांसाठी इथं कोणी कोणाला बोलवत नाही. पहाटे ज्या अंगणात चूल पेटली, त्या अंगणात बाया हात धुऊन जातात. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. निरोप नाही, मजुरी नाही. एखादी गेली नाही तर त्याचा अर्थ एकच, की त्या घराशी तिचा अबोला आहे. माझ्या आणि समोरच्या शालूबाईच्या भांडणात तीन वर्षं आम्ही एकमेकींच्या चिकाला हात लावला नव्हता.

आणि चीक कोणासाठी थांबत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी उठून तो शिजवलाच पाहिजे. आज नाही उद्या, असं चालत नाही. आमच्याकडच्या एप्रिलात दुपारपर्यंत आंबतो, आणि संध्याकाळी गायसुद्धा तोंड लावत नाही. बाईचा चीक शनिवारी दुपारी निघाला. शनिवारी संध्याकाळी गावात सिनेमा होता. रविवारी पहाटे चूल पेटायची होती.

आता सिनेमाचं सांगते.

मागच्या वर्षी मे महिन्यात पुण्याहून दोघं जण आले होते. निशिगंधा नावाची मुलगी, तिच्याकडं कॅमेरा, आणि ऋत्विक नावाचा मुलगा, त्याच्याकडं केसाळ बोंडासारखा माईक. जग कसं तापत चाललं आहे त्यावर माहितीपट करत होते. गावात कोणीतरी त्यांना सांगितलं की पंचफुलाबाईला चाळीस वर्षांची उन्हं पाठ आहेत. ते खोटं नव्हतं. बाईला सन विचारलं तर सांगता येत नाही, पण कुठल्या साली कुरडई कशी वाळली ते विचारा. मंजुश्री पोटात होती तेव्हा चार उन्हं लागली आणि पांढऱ्याशुभ्र निघाल्या. सासरा वारला त्या वर्षी अवकाळी आली आणि सगळ्या लाल पडल्या. अलीकडं ऊन असं लागतं की सकाळी टाकलेली कुरडई दुपारी तडकून तिचा चुरा होतो. निशिगंधा नुसती ऐकत राहिली. तीन दिवस त्यांनी बाईचा पिच्छा सोडला नाही.

त्यांनी माझीही मुलाखत घेतली, हे लोक विसरतात. दोन तास घेतली. मी जांभळी साडी नेसले होते, नवी कोरी. कार्यालयातून आलेली पत्रकं मी रात्रभर वाचून ठेवली होती. “जागतिक तापमानवाढ ही आज मानवजातीसमोरील एक गंभीर समस्या असून,” अशी सुरुवात केली आणि कुठंही अडखळले नाही. ऋत्विकनं मध्येच दोनदा जांभई दिली, पण मी म्हटलं पोरगा थकला असेल.

बाईला मात्र ‘जगभर दाखवू’ हे ऐकून काहीच वाटलं नाही. मला नंतर तिनं सांगितलं, “म्या म्हटलं, जगात आपली गल्ली कुठी येते? तिकडचे लोक तिकडं पाह्यतीन. त्याईले शालू कोण आन वंदना कोण काय माहीत?” सिनेमा फिरून आपल्याच विहाराच्या अंगणात येऊन बसेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

या वर्षी भीमजयंतीच्या आठवड्यात निशिगंधाचा फोन आला की आधी तुमच्या गावात दाखवायचा आहे. जयंतीमुळं विहारापुढं मांडव होता, माईक होता, दोन भोंगे होते. पांढरा पडदा बांधला. शनिवारी सात वाजता अख्खा गाव जमला. आमची गल्ली तर पुढच्या सतरंजीवर, मानकरी असल्यासारखी. आधी त्रिसरण-पंचशील झालं, मग दिवे गेले.

पहिल्यांदा बर्फ दिसला. डोंगराएवढा बर्फ कडाडून समुद्रात पडला, आणि इकडं अंगाला घाम. मग एक पांढरं अस्वल आलं, वाळून हाडं निघालेलं. एवढ्याशा बर्फाच्या तुकड्यावर चारी पाय गोळा करून उभं होतं. मागून म्हाताऱ्या सुभद्राबाईचा आवाज आला, “माय, किती उपाशी असीन.” आणि मग एकदम, अस्वल गेलं आणि आमची गल्ली आली.

काय शिट्ट्या वाजल्या म्हणता. माझा बैल, माझी सायकल, माझी म्हातारी, अशी नुसती बोटं दाखवणं चाललं. पडद्यावर बाई पाट्यापाशी बसलेली. ती बोलायला लागली आणि खाली पाटी उमटली. बाई मराठीत बोलत होती आणि खाली पाटीही मराठीतच. बाई म्हणे, ‘काऊन तापून राह्यलं ते मले इचारता?’ आणि खाली लिहून येई, ‘का तापत आहे हे मला विचारता?’ गाव पोट धरून हसलं. आमच्या गल्लीतले निवृत्तीभाऊ म्हणाले, “पुण्याच्या लोकाईले आपण इंग्रजी बोलतो वाटते.”

हसू तिथंच संपलं. कारण पुढं बाई म्हणाली, “दूर कायले जाता? या गल्लीत सोळा निंब होते. सांगू कुठी गेले?” आणि सांगायला लागली. एकेक घर, एकेक नाव. शालूबाईनं तोडला, कावळे बसून पापडावर घाण करत होते म्हणून. निवृत्तीनं तोडला, चारचाकी लावाले जागा पाह्यजे म्हणून. चारचाकी अजून यायची हाये. तीन गेले नाली काढताना, नाली तशीच राह्यली. आणि मग, “हे वंदना. नवी फरशी बसवली. फरशीवर पाला पडते म्हणून बुडापासून तोडला.” कॅमेरा माझ्या अंगणात वळला. माझ्या फरशीवर हळूहळू फिरला. प्रत्येक टाइल दाखवली. मी कुठंच नाही. माझी जांभळी साडी नाही, मानवजात नाही, समस्या नाही. दोन तासांतली मी एक सेकंद नाही, आणि फरशी मात्र अर्धा मिनिट.

दिवे लागले तेव्हा टाळ्या वाजल्या, पण पुढच्या सतरंजीवरून नाही. आणि पोरं मोठी हरामखोर असतात. अस्वलानंतर लगेच आमची गल्ली आली ना, त्यांनी ते तसंच जोडून घेतलं. विहाराच्या पायरीवरच एकानं मला विचारलं, “वंदनाकाकू, तुमच्या निंबानं त्या अस्वलाचा बर्फ गेला काय?” घरी जाईपर्यंत सात जणांनी विचारलं. राजकुमार पुढं चालत होता, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकतोय. हसत होता.

निशिगंधा आणि ऋत्विक रात्रीच्या मुक्कामाला शेगावला निघून गेले. आग लावून पाहुणे गेले, आणि इकडं गल्लीत प्रत्येक दार आपापल्या आवाजात लागलं. भाऊराव सगळ्यांना हात जोडत होते. बाई मधोमध उभी, तिला कळेचना. म्हणाली, “म्या काय खोटं सांगितलं काय?”

मला झोप कुठली. मी पडल्या पडल्या बोटं मोडत होते आणि बोटांवर मोजतही होते. शालूबाई, निवृत्ती, नालीचे तीन, मी, आणि तिनं नावं घेतलेली बाकीची घरं. पंधरा भरले. पुन्हा मोजले, पंधराच. सोळावा कोणाचा ते मला मोजायची गरजच नव्हती. तो बाईच्याच दारातला. सहा वर्षांपूर्वी तिनं तोडवला, कारण त्याची सावली कुरडयांवर पडायची. मला इतका आनंद झाला की तेवढ्यात झोप लागली.

रविवारी पहाटे पाचला भिंतीपलीकडं चूल पेटल्याचा आवाज आला. काटक्या मोडल्याचा, मग त्यावर पाण्याचं भलं मोठं गंज ठेवल्याचा. मी उठले, चहा केला आणि दार न उघडता बसून राहिले. खिडकीतून गल्ली दिसत होती. शालूबाईच्या घरात दिवा होता, दार बंद. निवृत्तीच्या घरात दिवा होता, दार बंद. सगळ्या जाग्या होत्या आणि एकीचंही पाऊल बाहेर पडत नव्हतं. खरं सांगायचं तर सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या. गल्लीतला मोठा साचा माझ्याकडं असतो. लाकडी, तीन पायांचा, वरचा दांडा दोघींनी मिळून दाबावा लागतो असा. वीस किलोच्या कुरडया हातातल्या सोऱ्यानं होत नाहीत, हात मोडतील. साचा निघाला तर कुरडया, नाहीतर सगळा चीक उकिरड्यावर.

पावणेसहाला बाई दारात आली. केस तसेच, पदर कमरेला खोचलेला. म्हणाली, “वंदना, साचा दे. पाणी उकळलं.”

“माह्या घरची फरशीच साऱ्या जगाले माहीत हाये,” मी म्हटलं. “साच्याची काय गरज? फरशीवरच थापा कुरडया.”

“म्या खोटं बोलली का, ते सांग.”

“खोटं नाही, बाई. पण सोळा म्हटले आन पंधरा सांगितले. म्या मोजले. तुमच्या दारातला कुठी गेला?”

आम्ही वीस वर्षं शेजारी आहोत. मी तिला उमेदवाराला, सरपंचाला, विहिणीला उत्तर देताना पाहिलं आहे. त्या दिवशी ती वळली आणि साचा न घेता गेली.

मी जिंकले होते. चहा प्यायला घेतला तर गोड लागेना. राजकुमार खाटेवरून म्हणाला, “साखर टाकलीच नाही तू.” मी टाकली होती, मला ठाऊक आहे. भिंतीपलीकडं मंजुश्रीचा आवाज ऐकू येत होता, “आई, आता काय करू? आई?” नवरी मुलगी, आठ दिवसांवर लग्न, आणि एकटी चुलीपाशी. जावं असं वाटत होतं. पण उठवत नव्हतं. अहंकार म्हणतात तो बसल्या जागी असा जड होतो की काही विचारू नका.

सहाला विहारातली रविवारची बुद्धवंदना भोंग्यावरून सुरू झाली. नेहमीचीच. पाच-सात म्हातारी माणसं असतात. पंचशील झालं. मग थोडी खरखर झाली, कोणीतरी माईक हातात घेतल्याची, आणि दोन्ही भोंग्यांतून बाईचा आवाज आला.

“जयभीम. मी पंचफुला भाऊराव बोलून राह्यली.”

राजकुमार उठून बसला.

“काल सिनेमात म्या सोळा निंब होते म्हटलं आन पंधराच सांगितले. सोळावा माह्या दारातला. कुरडयावर सावली पडत होती म्हणून तोडवला. भाऊराव नाही म्हणत होते, त्याईचं म्या ऐकलं नाही. आताच इथी पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, असं रोज म्हणतो आपण. अर्धं सांगणं बी खोटंच असते. ते मले आज वंदनानं सांगितलं.”

माझं नाव भोंग्यावर. दुसऱ्यांदा. मी कप खाली ठेवला.

माईक कुईं करून वाजला. बाई थांबली असेल वाटलं, पण नाही.

“आखीन एक. माहा चीक नासून राह्यला. वीस किलोचा हाये. पोरीच्या लग्नाचा हाये. ज्याईले माहा राग आला त्याईनं राग घेऊन या. पण हात धुऊन या.”

निवृत्तीभाऊंच्या घरातून असं हसू फुटलं की त्यांचा कुत्रा भुंकायला लागला. त्यांच्या बायकोचं हसू, मग शालूबाईचं, मग वरच्या गल्लीतून कोणाचं तरी. निवृत्तीभाऊ ओट्यावर येऊन म्हणाले, “साऱ्या गावाची चुगली करून झाली, आता वहिनीनं सोताची बी केली. सुटलो बा आपण सगळे.”

मी बसूनच होते. राजकुमार म्हणाला, “जातं का आता? का तुले बी माईकवर बोलावू?”

मी हात धुतले. कोपरापर्यंत धुतले, जरा जास्तच वेळ धुतले, कारण डोळ्यांत काहीतरी आलं होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं. मग साचा एका बाजूनं मी धरला, एका बाजूनं त्यानं, आणि बाहेर आलो. गल्लीत सगळ्या जणी आपापल्या दारात उभ्या होत्या, हात ओले. माझा साचा दिसला तशा निघाल्या.

त्या सकाळसारखी सकाळ मी पाहिली नाही. बाई विहारातून धावत आली तोवर शालूबाईनं गंजाचा ताबा घेतला होता. दोघी जणी उकळत्या पाण्यात चीक ओतत होत्या, दोघी लांब दांड्यानं घोटत होत्या, गुठळी होईल म्हणून सगळ्या एकमेकींवर ओरडत होत्या. बाईनं चीक बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि म्हणाली, “अजून एक वाफ.” कालपासून जिच्याशी कोणी बोलत नव्हतं, तिचं हे मात्र सगळ्यांनी मुकाट ऐकलं. चिकाच्या बाबतीत तिच्यापुढं कोण बोलणार? पोरं वाट्या घेऊन रांगेत बसली होती. गरम चीक, वर साखर आणि तेलाची धार. त्यांना जग तापो की गोठो.

साच्याच्या दांड्यावर मी आणि मंजुश्री. धुतलेल्या धोतरांवर कुरडया पडत गेल्या, ओळीनं, पांढऱ्या, गोल. आणि तोंडं चालूच. “ते शेवटची वाकडी पडली, ते अस्वलाले ठेवा.” “अस्वल कुरडई खाते काय?” “भुका असला तर खाईन, माय.” शालूबाई मला म्हणाली, “तुही जांभळी साडी कुठी कापली वं त्याईनं? पुण्याले का इथीच?” मी म्हटलं, “तुहे कावळे तरी कुठी दाखवले?” तिलाही ते लागलं होतं. कॅमेऱ्यापुढं ती कावळ्यांवर फार बोलली होती म्हणे, आणि एकही कावळा आला नाही. मला तेवढंच बरं वाटलं.

मधेच मंजुश्रीनं मान वळवली आणि डोळे पुसले. मी विचारलं, “धूर लागला काय?” ती म्हणाली, “नाही. काकू, मले वाटलं माह्या लग्नात कुरडईच नसन.” मी दांडा जरा जोरानं दाबला, तेवढंच.

अकरापर्यंत दोन घाणे झाले आणि ऊन डोक्यावर आलं. भाऊरावांनी मोबाइलवर पाहून सांगितलं, बेचाळीस. तिसरा घाणा शिजेपर्यंत जरा टेकावं म्हटलं, तर टेकायचं कुठं? आम्ही दहा जणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. भिंतीची सावली वीतभर. पाय आत घेतले तर डोकं बाहेर, डोकं आत घेतलं तर पोट बाहेर. सुभद्राबाई म्हणाली, “त्या अस्वलावानी झालं आपलं. एवढ्याशा तुकड्यावर साऱ्या उभ्या.” सगळ्या एकदम हसल्या, आणि हसताना दोघी-तिघी सावलीबाहेर ढकलल्या गेल्या.

बाई हसली नाही. ती अंगणात चालत गेली, कुरडयांच्या दोन धोतरांच्या मधे उभी राहिली आणि टाचेनं जमीन उकरली. म्हणाली, “पहिला पाऊस झाला का इथी निंब लावीन.”

काय गलका झाला. शालूबाई म्हणाली, “बाई, उन्हानं डोकं फिरलं का? मंग कुरडया कुठी वाळवाच्या?” खरंच होतं. गल्लीतलं मोठं अंगण तेच. चार घरांच्या कुरडया, सहा घरांचे पापड तिथंच वाळतात. जी ती काहीबाही सांगायला लागली. कोपऱ्यात लावा. मागं लावा. विहारात लावा. दुसऱ्याच्या दारात लावा. झाड सगळ्यांना पाहिजे होतं, फक्त आपल्या कुरडयांवर नको होतं.

“कोपऱ्यात नाली हाये,” बाई म्हणाली. “मांग पाणी नाही. जिथी होता तिथीच लावीन. त्याले सावली यायले दहा वर्षं लागतीन. तवा मी सत्तर पार असीन. मले बसाले सावली लागन, कुरडई चावाले दातच नसतीन.”

“आन आमचं काय?” शालूबाई म्हणाली.

“तुमच्या कुरडया तुम्ही पाहा,” बाई म्हणाली. तिच्या तोंडाला झाकण नाही ते नाहीच.

गल्ली पुन्हा तुटायच्या बेतात होती. मी साच्यापाशी उभी होते. मला माझं अंगण दिसत होतं, भिंतीपलीकडचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं काडीचीही सावली नसते. उन्हाळ्यात त्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. गेली चार वर्षं मी दुपारी दार लावून, पंखा लावून आत बसते आणि लोकांना सांगते की फरशी छान थंड राहते. कोणाला कधी हे सांगितलं नाही. त्या दिवशी का कोण जाणे तोंडातून निघालं.

“माह्या अंगणात वाळवा,” मी म्हटलं. “उद्यापासून साऱ्याईच्या. तिथी दिवसभर ऊन हाये. काऊन हाये ते साऱ्या जगानं पाह्यलं.”

सगळ्या हसल्या. शालूबाई तर खालीच बसली. निवृत्तीभाऊ पलीकडून ओरडले की हा डायलॉग पुण्याला कळवा. मीही हसत होते, आणि हसता हसता मला कळलं की कालपासूनचा राग कुठं गेला ते मला सांगता येणार नाही.

बाई धोतरांमधून पाय सांभाळत आली. माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलेल, मला वाटलं. माफी मागेल, किंवा नेहमीसारखं काही खरं बोलून मोकळी होईल. तिनं मंजुश्रीला बाजूला केलं आणि दांड्याचं दुसरं टोक स्वतः धरलं.

“हात भरून आले असतीन तुहे,” ती म्हणाली. “सावकाश दाब.”

चीक आला. तिसरा घाणा आम्ही दोघींनी काढला.